प्रतिपक्षाचें देणें

एखाद्या मनुष्याविषयीं जें जें लिहिलें तें अक्षरशः खरें असावें, आणि तरीही त्या लिहिण्यानें त्या मनुष्यावर अन्याय व्हावा, हें शक्य आहे काय? तर्कशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न बहुधा आढळावयाचा नाहीं. तेथें वाक्य एक तर खरें असतें किंवा खोटें असतें, आणि दोन खऱ्या वाक्यांची बेरीज खोटी होऊं शकत नाहीं. परंतु गेवराई तालुक्यांतील आमच्या उमापुरास, चहाच्या दुकानापुढील बांकावर, हा प्रश्न दर निवडणुकीच्या मोसमांत उभा राहतो, आणि तेथें बसणाऱ्यांपैकीं कोणासही त्याचें उत्तर देतां येत नाहीं. मलाही पुष्कळ वर्षें देतां आलें नाहीं.

मागें एका निवडणुकींत आमच्या गांवीं एका पुढाऱ्याची सभा झाली. वेळ सायंकाळीं पांचाची ठरली होती. पुढारी आले साडेसातास. पांच वाजतां मैदानांत चार पोरें, दोन कुत्रीं आणि रिकाम्या खुर्च्या एवढेंच होतें. साडेसातास मुंगीला शिरावयास वाट नव्हती. नवाच्या सुमारास भाषण लांबत चाललें तेव्हां मागल्या रांगा उठून घराकडे निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं दोन वर्तमानपत्रें आलीं. एकांत गर्दीचें छायाचित्र होतें व त्याखालीं ‘अलोट जनसागर’ असे शब्द होते. दुसऱ्यांत रिकाम्या खुर्च्यांचें छायाचित्र होतें व त्याखालीं ‘सभेकडे ग्रामस्थांची पाठ’ असा मथळा होता. दोन्ही छायाचित्रें खरीं होतीं. मी पांचापासून नवापर्यंत तेथेंच होतों. बांकावर शेजारीं बसलेल्या एका शेतकऱ्यानें मला विचारिलें, “गुरुजी, तुम्ही व्हता ना तिथं? मग खरं कुणाचं?”

मी म्हणालों, “दोघांचंही.”

तो हंसला नाहीं. “असं कसं व्हईल?” एवढेंच म्हणून त्यानें दोन्ही पत्रांच्या घड्या घालून तीं बांकावर ठेवून दिलीं. त्या ‘असं कसं व्हईल’चें उत्तर शोधण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

निःपक्षपाती वर्तमानपत्रांचा एक सुवर्णकाळ होऊन गेला व आतां तो सरला, असें हळहळून सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. मला तो काळ मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत कोठें सांपडत नाहीं. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला तो मतप्रसारासाठींच निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. समाजसुधारणेच्या प्रश्नावर त्यांचें व टिळकांचें जमेना, तेव्हां १८८७ सालीं त्यांनीं तें पत्र सोडलें, आणि दुसऱ्या वर्षीं ‘सुधारक’ काढिला. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ नेमस्तांचा. ज्यानें जें पत्र उघडावें त्यास आपण कोणाच्या ओसरीवर बसलों आहों हें पुरतें ठाऊक असे. यजमान आपली बाजू मांडणार, हें गृहीत धरूनच पाहुणा ऐकत असे. यांत मला कांहींही गैर दिसत नाहीं. वकिलानें आपल्या अशिलाची बाजू मांडली म्हणून कोणी त्यास लबाड म्हणत नाहीं. मत हें बाजूनेंच असावयाचें. ज्यास बाजूच नाहीं त्यास मत तरी कसलें? तेव्हां आजही एखादें पत्र आपण अमक्या पक्षाचें मुखपत्र आहों असें उघड सांगून निघतें, १९८८ पासून शिवसेनेचें ‘सामना’ हें पत्र तसें निघत आलें आहे, त्यावर पक्षपाताचा आरोप करणें मला निरर्थक वाटतें. तें पत्र पक्षाचें आहे ही गोष्ट त्याच्या माथ्यावरच लिहिलेली असते.

प्रश्न सुरू होतो तो मतापाशीं नव्हे, वृत्तापाशीं. आणि येथें मला आपल्याच दोन थोर पुरुषांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण अप्रामाणिक माणसांचा पक्षपात समजावयास सोपा असतो, त्यापासून शिकण्यासारखें थोडें.

‘केसरी’ व ‘मराठा’ निघून वर्षही झालें नव्हतें तोंच कोल्हापूरचें प्रकरण उपस्थित झालें. तेथील तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेड लागलें आहे असें सरकारतर्फे सांगण्यांत येई. त्यांचा छळ होत आहे असें लोक म्हणत. कारभारी होते माधवराव बर्वे. त्यांनीं लिहिलीं असें सांगण्यांत आलेलीं कांहीं पत्रें टिळक-आगरकरांच्या हातीं आलीं, व त्यांवरून बर्वे हे या कटाचे सूत्रधार ठरत होते. पत्रें छापलीं गेलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तीं पत्रें बनावट निघालीं. दोघाही संपादकांनीं माफी मागितली, परंतु खटला चालला, आणि जुलै १८८२ मध्यें त्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत काढिलेल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनीं पुस्तक लिहिलें; सुटून आल्यावर लोकांनीं त्यांचा मोठा सत्कार केला.

या गोष्टीचा शेवट आपण सहसा सत्कारापाशीं करतों. माधवराव बर्व्यांपाशीं करीत नाहीं. मला मात्र राहून राहून त्याच गृहस्थाचा विचार येतो. आगरकरांसारखा कठोर बुद्धिवादी, जो कोणत्याही रूढीस पुराव्यावांचून मान तुकविणार नाहीं, त्यानें हीं पत्रें कां मानिलीं? पैशासाठीं नाहीं, भयानें नाहीं, द्वेषानेंही नाहीं. तीं पत्रें, बर्वे कसे आहेत याविषयींच्या त्यांच्या पूर्वग्रहाशीं तंतोतंत जुळत होतीं, एवढ्यासाठीं. मित्राविरुद्ध असा कागद आला असता तर त्यांनीं तो उजेडांत धरून दहा वेळां पाहिला असता. प्रतिपक्ष्याविरुद्ध आला म्हणून एकदां पाहिला. पक्षपाताची माझी व्याख्या यापलीकडे नाहीं. पुराव्याची चाळणी एकच असावी लागते; आपल्यासाठीं तिचीं छिद्रें बारीक आणि दुसऱ्यासाठीं मोठीं झालीं कीं पक्षपात झाला. मग खाली पडलेला प्रत्येक कण खरा असला तरी हिशेब खोटा. ‘आपला तो बाब्या’ ही म्हण आपण विनोदानें म्हणतों. तिच्यांत ज्ञानशास्त्राचा एक अख्खा अध्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, आणि हें म्हणणें पोकळ नाहीं, कीं मूळ संशय कांहीं निराधार नव्हता. १८८३ च्या डिसेंबरांत त्या अभागी राजपुत्राचा अहमदनगरच्या किल्ल्यांत, त्याच्यावर पहारा करणाऱ्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत अंत झाला. मोठी गोष्ट खरी होती. एक कागद खोटा निघाला, इतकेंच. मग एवढा गवगवा कां? याचें उत्तर असें कीं राजपुत्राचा छळ खरा ठरल्यानें बर्व्यांचें पत्र खरें ठरत नाहीं. अन्याय हा नेहमीं एका विशिष्ट मनुष्यावर होतो. ‘मोठ्या सत्या’ला त्याची भरपाई करतां येत नाहीं.

१९०७ सालच्या सुरतेच्या राष्ट्रसभेंत टिळक बोलावयास उभे राहिले, गोंधळ झाला, आणि एक जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बानर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला. पुढें जहाल व नेमस्त या दोन्ही पक्षांनीं घडल्या प्रकाराचीं आपापलीं लेखी निवेदनें प्रसिद्ध केलीं. तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचावींत. हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट, आणि चिथावणी कोणाची हें मात्र वाचकाच्या पक्षावर अवलंबून! आमच्या मैदानांतील दोन छायाचित्रांचे हे पूर्वज होत.

परंतु चाळणीपेक्षांही सूक्ष्म असें एक साधन आहे, आणि तें म्हणजे मौन. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांचें ‘मूकनायक’ निघालें. त्या नव्या पत्राची जाहिरात, पैसे देऊं केले असतांही, ‘केसरी’नें छापली नाहीं, असें आंबेडकरांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. येथें कोणतेंही वाक्य खोटें नव्हतें, कारण वाक्यच नव्हतें. ‘मूकनायक’ हें नांवच त्या काळच्या समग्र वृत्तपत्रसृष्टीवरील निकालपत्र होतें: इतकीं पत्रें असतां एक मोठा समाज मुका कसा राहिला? पक्षापक्षांच्या भांडणांत आपण विसरतों कीं परस्परांवर तुटून पडणारीं दोन पत्रें कित्येक वेळां एका गोष्टींत पूर्ण एकमतानें वागत असतात; ज्याचा कोणी पुढारी नाहीं त्याची बातमी दोघांनाही दिसत नाहीं. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीस पश्चिमेकडे निघतात. पोरें शाळेंतून उठतात, घरीं म्हातारीं राहतात. त्याच सुमारास निवडणूक आली तर या माणसांचा उल्लेख ‘परगांवीं गेलेले मतदार’ म्हणून होतो. त्यांस आणण्यासाठीं कोणत्या पुढाऱ्यानें किती गाड्या पाठविल्या हा वादाचा विषय होतो.

आमचा भाग १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें बातमीचा पक्षपात भयानें चाले. १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ हें साप्ताहिक काढिलें. त्यावर बंदी आली, तेव्हां तें नांवें बदलून बदलून निघत राहिलें. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान हे संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें लिहीत व रझाकारांवर टीका करीत. ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत त्यांचा खून झाला. हा प्रसंग मी एका कारणासाठीं सांगतों. ‘दोन्ही बाजूंस समान जागा द्यावी, म्हणजे निःपक्षपात झाला’ असें मानणारा एक नवा पंथ आहे. शोएबुल्ला खानांस दोन स्तंभ व त्यांच्या मारेकऱ्यांस दोन स्तंभ, हा निःपक्षपात नव्हे. तो निर्लज्जपणा आहे. तराजूचें काम दोन्ही पारडीं समपातळींत ठेवणें हें नसून ज्यांत वजन अधिक तें खाली जाऊं देणें हें आहे. फक्त मापें दोन नसावींत.

आणि माप एकच ठेवणें किती अवघड, याचीही साक्ष त्याच पत्रानें दिली. ‘मराठवाडा’ पुढें अनंतराव भालेराव यांच्या संपादकत्वाखालीं दैनिक झालें. निजामाशीं झुंजलेले, आणीबाणींत कारावास भोगलेले भालेराव. त्यांच्या निःस्पृहतेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. जुलै १९७८ मध्यें मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला, तेव्हां या पत्रानें नामांतरास विरोधाची भूमिका घेतली. मत म्हणून तो त्याचा अधिकार होता. पण त्याच दिवसांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून दलितांचीं घरें जळत होतीं. ज्यांचीं घरें जळलीं त्यांनीं दुसऱ्या दिवशींचें पत्र कोणत्या डोळ्यांनीं उघडलें असेल? १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. तो प्रश्न मिटला. ते डोळे मला अजून दिसतात.

आतांपर्यंतच्या सर्व उदाहरणांत निदान श्रद्धा तरी होती. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर जें उघडकीस आलें त्यांत श्रद्धेचाही प्रश्न उरला नाहीं. त्या वेळचे मुख्यमंत्री, आमच्याच मराठवाड्यांतील नांदेडचे अशोक चव्हाण, यांच्या स्तुतीचा मजकूर, ‘अशोकपर्व’ या धाटणीचा, एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापलेला आढळला. पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’मध्यें तो उजेडांत आणिला. निवडणूक खर्चाच्या हिशेबांत वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटीं दाखविलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. मजकूर पैसे देऊन छापविला हा आरोप चव्हाणांनीं नाकारला. खर्चाचा हिशेब तपासण्याचा निवडणूक आयोगास अधिकार आहे असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें म्हटलें, परंतु त्यापुढील आयोगाची कारवाई दिल्ली उच्च न्यायालयानें सप्टेंबरांत रद्द केली. तेव्हां त्या गृहस्थांस दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाहीं, व तसें म्हणून मी या लेखाचाच पराभव करूं इच्छीत नाहीं. मला जें बोचतें तें निराळेंच आहे. तीन संपादकांना एकच विशेषण एकाच ठिकाणीं सुचावें, हा योगायोग असेल तर तो साहित्याच्या इतिहासांत नोंदविण्याजोगा आहे! प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीनें अशा विकत घेतलेल्या बातम्यांवर २०१० सालीं अहवाल केला, त्यांत वृत्तपत्रांचीं नांवें होतीं, आणि कौन्सिलनें तो मूळ अहवाल प्रथम प्रसिद्धच केला नाहीं. पुढील वर्षीं केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानें तो बाहेर आला. मौनाविषयीं वर जें लिहिलें त्यास याहून चांगलें उदाहरण मला शोधूनही मिळालें नसतें.

पक्षपाताची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ति आमच्या जिल्ह्यानेंच मला शिकविली. २०१९ सालीं परळींत धनंजय मुंडे यांनीं आपल्या चुलत भगिनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला. दोघें परस्परविरुद्ध पक्षांत होतीं, आणि वृत्तपत्रांच्या विशेषणांचे त्या वेळीं दोन ढीग पडले होते. २ जुलै २०२३ रोजीं अजित पवारांसमवेत धनंजय मुंडे यांचाही शपथविधि झाला व तीं दोघें एकाच सत्ताधारी आघाडींत आलीं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत बंधु भगिनीच्या प्रचारास उभे राहिले, आणि त्या बजरंग सोनवणे यांच्याकडून सुमारें साडेसहा हजार मतांनीं पराभूत झाल्या. या प्रवासांत कोणाचें चुकलें हा माझा विषय नाहीं. राजकारणांत माणसें बाजू बदलतात. पण कालपर्यंत ‘बेजबाबदार’ असलेलें भाषण एका दुपारींत ‘रोखठोक’ कसें झालें? वक्ता तोच, आवाज तोच, गांवही तेंच. दुपारीं जें बदललें तें त्या मनुष्यांत नव्हतें. तेव्हां विशेषण त्याच्याविषयीं कधींच नव्हतें, हें उघड आहे. तेव्हांपासून मी बातमी वाचतांना पुढाऱ्याच्या नांवावर अंगठा ठेवून वाचतों. बांकावरचे लोक हंसतात.

विरुद्ध बाजूचा एक युक्तिवाद राहिला, आणि तो मला सर्वांत जड जातो. प्रतिपक्षाचें पत्र आमच्या पुढाऱ्याविषयीं रोज असत्य छापीत असतां आम्हीच त्यांचें चांगलें काय तें कां छापावें? ज्यानें उसनें फेडलें नाहीं त्यास पुन्हा उसनें कोण देतो? व्यवहारांत हा न्याय चालतो. पण या व्यवहारांत ऋणको-धनको कोण, हें आधीं ठरवूं. प्रतिपक्ष्यास त्याचें योग्य श्रेय देणें हें आपण त्याचें देणें समजतों, म्हणून त्याच्या वागणुकीकडे बोट दाखवून तें बुडवितां येईल असें वाटतें. वास्तविक तें देणें वाचकाचें आहे. बीडच्या बाजारांत कापसाचा भाव काय चालला हें सांगणारानें, ज्या अडत्याशीं आपलें वैर त्याचा वाढीव भाव वगळून सांगितला, तर नागवला जातो तो गाडी घेऊन निघालेला शेतकरी. अडत्या आपला गादीवर बसलेला असतो. आणि वाचकानें तरी आमचें काय वाईट केलें होतें? फार तर एवढेंच कीं, त्याला आपल्या मताचेंच पत्र गोड लागतें. हा वाचकाचा दोष खरा, लहान नव्हे; तो कधीं कधीं पैसे मोजून आपली फसवणूक विकत घेतो. पण गिऱ्हाइकाला भेसळ आवडते म्हणून वाण्याची सुटका होत नाहीं.

हें सर्व लिहिण्याचा अधिकार मला नाहीं, असें म्हणणारा उमापुरांत निदान एक मनुष्य आहे, आणि तो तसें कधींही म्हणाला नाहीं.

शिक्षकी संपल्यावर मी कांहीं वर्षें एका दैनिकाचा गांवचा बातमीदार होतों. २०१३ चा उन्हाळा होता. त्या दुष्काळांत मराठवाड्यांत टँकर आणि चारा-छावण्या यांवांचून दुसरी बातमी नव्हती. आमच्या एका वस्तीवर अकरा दिवस टँकर आला नाहीं. तेव्हां प्रतिपक्षाच्या एका साध्या कार्यकर्त्यानें, ज्याचें नांव मी येथें लिहीत नाहीं, स्वतःच्या विहिरींत उरलेलें पाणी ट्रॅक्टरवर टाकी ठेवून तेथें नेलें. पांच-सहा दिवस, दोन-दोन खेपा. मी ती बातमी पाठविली. तींत लिहिलें, ‘ग्रामस्थांच्या प्रयत्नानें अखेर वस्तीस पाणी मिळालें.’ तोही ग्रामस्थ होताच. वाक्यांत एक अक्षरही खोटें नव्हतें. त्याचें नांव गाळ असें मला कोणीं सांगितलें नव्हतें, दूरध्वनि आला नव्हता. आमच्या पत्रास तें नांव रुचणार नाहीं हें मला ठाऊक होतें, आणि मलाही तें फारसें रुचत नव्हतें. लिहितांना हात थांबला होता काय, हें आठवून पाहतों. थांबला नव्हता.

बातमी छापून आली त्या दिवशीं तो बांकावर पत्र वाचीत बसला होता. मीं चहा मागविला. त्यानें बातमी दोनदां वाचली असावी. डोळे पुन्हा वर गेलेले मीं पाहिले. मग पत्राची घडी घालून तें माझ्याकडे दिलें व म्हणाला, “चांगलं लिहिलंय गुरुजी. पाणी आलं हे खरंच हाय.” आणि चहा पिऊन, दुसऱ्या खेपेस उशीर होतो म्हणून, ट्रॅक्टरकडे गेला.